आट्यांतलं कुंकू

पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचा बोल्ट सुटून हातात आला, तेव्हा त्याच्या आट्यांत लाल काहीतरी अडकलेलं होतं. खेळानं लगेच कोपऱ्यात सूचना दाखवली : 'गंज. घासून काढा.'

मी घासलं नाही. गंज लोखंड खातो, त्याच्याखाली खड्डे पडतात. इथं आटे शाबूत होते आणि लाल नुसतं खाचांत बसलं होतं. मी दुसरा बोल्ट काढला. त्यातही लाल. मग उजवं चाक उघडलं, मग मागची दोन्ही. ब्रेकच्या कामाला जिथं जिथं पाना लागतो तिथं तिथं लाल होतं, आणि बाकी सगळ्या जीपवर कुठंच नव्हतं.

मी चष्मा काढला, हातमोजे काढले आणि चहा टाकला. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्तींना, अर्धा कप दिला आणि अर्धा मी घेतला. साखर घालायची राहिली होती, हे त्यांनी सांगितल्यावर कळलं.

'गॅरेजराजा' हा खेळ आता बहुतेकांना माहीत झालाय, तरी ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं दुपारची भांडी आटपून डोळ्यांवर चष्मा चढवायचा, हातात मोजे घालायचे आणि हवेत पाने फिरवायचे, असा तो खेळ आहे. समोर भंगाराचं आवार दिसतं. त्यातली एखादी मोडकी गाडी घ्यायची, पार्ट काढायचे, कामाचे निवडायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. मोज्यांमुळे वजन जाणवतं, जाम झालेला नट हाताला दाद देत नाही, सटकलेला पाना बोटांना लागतो. सुरुवातीला आत्ती म्हणायच्या, "जयमाला, वारं बडवतीस काय गं दुपारभर?" पुढं त्याच वाऱ्यावर घर चालायला लागलं, तशा त्या गप्प झाल्या. माझे वडील कोल्हापुरात उद्यमनगरातले मिस्त्री. पाळण्यानंतर मी थेट गॅरेजातच वाढले, त्यामुळे मला हा खेळ शिकावा लागला नाही.

ह्यातले पार्ट खोटे नसतात. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या मोडीत निघाल्या, तेव्हा शिरोलीच्या फाउंड्र्यांत भंगाराचे डोंगर लागले. वितळवण्याआधी प्रत्येक पार्ट एका बोगद्यातून जातो. तिथं क्ष-किरण आणि ध्वनिलहरी त्याच्या आरपार जाऊन तो कणाकणानं वाचतात. धातूला काय काय सोसावं लागलं ते त्याच्या आत राहतं, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला शोध. लोखंड तापून निवलं की त्याच्या कणांची मांडणी बदलते. ब्रेक दाबला की डिस्क तापते, सोडला की निवते, आणि प्रत्येक वेळचा एक पातळ थर पृष्ठभागावर उरतो. सगळ्यात वरचा थर शेवटच्या वेळचा. गिअरचे दात, क्लचची प्लेट, स्टिअरिंगचे सांधे, सगळ्यांचं तसंच. यंत्राला हे थर दिसतात. पण कुठली झीज सवयीची आणि कुठली आजाराची, हे त्याला नीट कळत नाही. ते आमच्यासारख्यांनी हाताळून सांगायचं, म्हणून आम्हाला पैसे मिळतात. पार्ट खरा असतो तो वितळेपर्यंत, त्यानंतर उरतो तो आमच्याकडचाच.

खरा पैसा मात्र सुट्या पार्टांत नाही. एकाच गाडीचे ब्रेक, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि पायातले तिन्ही पेडल जुळले, की त्यांच्या झिजेतून ती गाडी चालवणारा माणूस उभा राहतो. चेहरा नव्हे, चालवण्याची ढब. त्याला खेळात 'हात' म्हणतात. बिनड्रायव्हरच्या गाड्या हमरस्त्यावर गुमान चालतात, पण कोकणच्या घाटात धुकं, म्हशी आणि समोरून एसटी असं एकदम आलं की जागच्या जागी थिजतात. म्हणून कंपन्यांना घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचे हात हवे असतात. ड्रायव्हर मेलेला असला तरी चालतो.

आमचे सर्जेराव घाटातलेच ड्रायव्हर होते.

आता त्या लाल रंगाचं सांगते. खंडेनवमीला मिस्त्री हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळद-कुंकू वाहतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबलेल्या पान्यांना तेवढाच एक दिवस विसावा. नऊ वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला सर्जेराव जीप घेऊन माझ्या भावाच्या, निवासदादाच्या, गॅरेजात गेले. ब्रेक आवाज करत होते. मीही तिथं होते, पूजेचा प्रसाद घ्यायला गेले होते.

दादा म्हणाला, "दाजी, आज हत्यारं पूजेत हायती. उद्या सांजच्याला पैलं काम तुमचंच."

"उद्या सकाळी देवरुखचं भाडं आणायला जायचंय," सर्जेराव म्हणाले. "ब्रेकबिगर घाट उतरू व्हय?"

दादानं थोडा वेळ विचार केला आणि पाटावरचे पाने उचलले. ते पुसले नाहीत, कारण वाहिलेलं कुंकू पुसायचं नसतं. त्याच पान्यांनी त्यानं चारी चाकांचं काम केलं. सर्जेराव दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, रिकामी जीप घेऊन निघाले आणि आंबा घाटात एका वळणावर सरळ दरीत गेले. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. म्हणजे ब्रेक लागलेच नाहीत, असं सगळे धरून चालले.

तेराव्याला आत्ती भरल्या घरात म्हणाल्या, "पूजेतली हत्यारं उचलली त्यानं. माझ्या लेकाचा घास घेतला." दादा दारातच उभा होता. त्यालाही तसंच वाटत होतं. त्यानं हत्यारं पोत्यात बांधली, गॅरेजला कुलूप घातलं आणि चार्जिंग स्टेशनवर रखवालदारी धरली. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. पहिली दोन वर्षं मी भाऊबीजेला ओवाळणीचं ताट करून बसले. पुढं ताटही वरच्या फळीवर गेलं.

जीप घाटाखालच्या पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. तिच्यावर वेल चढला होता म्हणे. यंदा लिलाव झाला असणार. कायद्यानुसार नंबर आणि नावं पुसून गाड्या खेळात येतात, त्यामुळे माझ्यापुढं आली ती नुसती एक चेपलेली पांढरी जीप. ती आमचीच असेल असं मनातही न येता मी ती विकत घेतली होती. स्वस्त होती म्हणून.

त्या वेळी मला काय वाटलं असं कुणी विचारलं तर सांगते, काही नाही. सर्जेराव गेले तेव्हाही मी फार रडले नव्हते. आतलं काहीतरी जाम झालं होतं आणि ते तसंच राहिलं. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळे पार्ट काढले आणि जोडले. हात उभा राहिला, तशी खेळानं मोठी हिरवी खूण दाखवली आणि विचारलं, चालवून बघणार का? मी बघितलं. वळणाआधी ब्रेकला दोनदा हलकं टेकवून मग दाबायचं, ही सर्जेरावांची सवय. मी सीटवर बसले, तसं माझ्या पायाखालचं पेडल आपोआप तसंच हललं. गिअर बदलताना तळव्याचा मागचा भाग दांड्यावर ठेवायचे, तोही तसाच. मी दोन वळणं बघितली आणि बंद केलं. शेजारच्या खोलीत आत्ती भाजी निवडत होत्या.

संध्याकाळच्या आत खरेदी विभागातल्या एका मुलीचा फोन आला. गोड बोलत होती. "मॅडम, असा घाटाचा हात आमच्याकडे दुसरा नाही. तुम्ही सांगाल ती रक्कम वरिष्ठांपुढे ठेवते." तिनं जो आकडा सुचवला, त्यात आत्तींचे दोन्ही गुडघे बदलून झाले असते आणि तरी उरले असते. आत्ती आता चाकांच्या चौकटीला धरून चालतात. न्हाणीघरापर्यंत जायचं तरी चेहरा आवळतात, पण बोलत नाहीत.

"हा हात माझ्या नवऱ्याचा आहे," मी म्हटलं.

"मग तर उलट सोपं झालं, मॅडम. वारसच सापडले. फक्त सगळ्या वारसांची संमती लागेल. तुमची, आणि आई असतील तर त्यांची."

"सही का?"

"सही आहेच. पण त्याआधी शेवटच्या फेरीचा अहवाल वारसांना वाचून दाखवावा लागतो. कायदाच आहे तसा. आम्ही शेवटची फेरी काढून टाकतो, यंत्राला अपघात शिकवायचा नसतो ना. काय काढलं ते घरच्यांना कळायला हवं."

मी म्हटलं, आधी मी एकटी बघते.

ब्रेकपासून सुरुवात केली. डिस्कवरचे थर घाटाच्या वळणांप्रमाणे ओळीनं होते : तापली, निवली, तापली, निवली. पॅड जाडजूड होते. तेल कुठं गळलेलं नव्हतं. एका ठिकाणी चारी डिस्क पार थंड झालेल्या दिसल्या, म्हणजे गाडी तिथं बराच वेळ उभी होती. त्यानंतर एकही थर नव्हता. ब्रेक शेवटपर्यंत लागत होते. पण ते कुणी दाबलेच नव्हते.

दादाचं काम चोख होतं. मी ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं. मग वाटलं, उभं राहून कंटाळले असतील, पुन्हा निघाले आणि डोळा लागला असेल. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मिस्त्र्याच्या लेकीला गिअरबॉक्स उघडल्याशिवाय राहवत नाही.

सर्जेराव घाट कायम दुसऱ्या गिअरवर उतरायचे. वर्षानुवर्षं उतरले, म्हणून दुसऱ्याचे दात एका बाजूनं गुळगुळीत झाले होते. जीप दरीत आदळली, तेव्हा ज्या गिअरात ती होती त्याच्या दातांवर धक्क्याचा ठसा उमटला. तो ठसा चौथ्यावर होता. गाडी थांबलेल्या जागेनंतर पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे चारही गिअर नीट, क्लच पूर्ण दाबून, घाई न करता टाकलेले होते. झोपेतला माणूस असे गिअर टाकत नाही. मैदानावर टाकतात तसे ते उतारावर टाकलेले होते.

मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. पुन्हा पुन्हा तेच निघालं.

ते कमी बोलायचे. त्या वर्षी आणखी कमी बोलत होते, पण घरात कुणाला वेगळं वाटलं नाही. आदल्या दिवशी हट्टानं ब्रेक करून घेणारा माणूस सकाळी ते दाबत नाही, ह्याचा अर्थ मला लागेना. कदाचित खंडेनवमीला त्यांना जगायचं होतं आणि घाटात, गाडी थांबवून बसले तेव्हा, नव्हतं. कदाचित दुसरंच काही असेल. कुठल्या पार्टात ते मिळणार नव्हतं. मला राग आला एवढं मात्र खरं. आला आणि लगेच निवला.

आता माझ्यापुढं गोष्ट सरळ होती. हात विकला तर आत्तींचे गुडघे झाले असते, पण त्याआधी परक्या मुलीनं त्यांना वाचून दाखवलं असतं, की तुमच्या लेकानं चौथा गिअर टाकला. नऊ वर्षं त्या दादाला शिव्या घालून जगल्या होत्या. त्या शिव्या काढून घेतल्या असत्या तर आत काय उरलं असतं, मला ठाऊक नाही. आणि काहीच केलं नाही, तर दादा चार्जिंग स्टेशनवर खुर्ची टाकून बसलेलाच राहिला असता.

आत्तींना विचारायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. काय विचारू, हे म्हणणाऱ्यानंच सांगावं.

मी गिअरबॉक्स सुटा केला. खेळात पार्ट नवा करण्याची सोय असते : दात घासून सपाट करायचे, म्हणजे वरचे सगळे थर जातात आणि पार्ट नव्यासारखा होतो. सहसा हाताचा पार्ट कुणी नवा करत नाही, कारण एकदा घासला की त्यातलं वाचन संपतं. खेळानं दोनदा बजावलं, 'हात मोडेल. पुढे जायचं?' मी पुढं गेले. चौथ्यापासून सुरुवात केली. मोज्यांतून कानशीची थरथर कोपरापर्यंत यायची. दुसऱ्या गिअरचे गुळगुळीत दातही घासावे लागले, ते मात्र जिवावर आलं. बोटांची कातडी सोलवटली. सगळं संपल्यावर गिअरबॉक्स साध्या भावात विकून टाकला.

मुलीचा फोन आला. आवाजातला गोडवा गेला होता. "मॅडम, हे काय केलंत? आता ह्याचा काही उपयोग नाही."

"चुकून झालं," मी म्हटलं.

योगायोगानं नव्हे, मुद्दामच, मी दादाला खंडेनवमीच्या दिवशी बोलावलं.

"कशाला?" त्यानं विचारलं.

"एक पार्ट बघायचाय. माझ्यानं उमगंना."

तो दुपारी आला. केस पांढरे झाले होते आणि हात मऊ पडले होते, ते मला आधी दिसले. आत्ती पलंगावर बसून होत्या. त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानं लांबूनच नमस्कार केला. मी त्याला खुर्चीत बसवून चष्मा चढवला, मोजे घातले आणि पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक समोर आणला.

त्यानं डिस्कवर बोट फिरवलं. पॅड चाचपले. मग बोल्ट हातात घेऊन फिरवला आणि तो तसाच धरून बसला.

"हे कुंकू हाय," तो म्हणाला.

"व्हय."

"हे माझं काम हाय, जयू."

"व्हय, दादा. बघ की नीट."

त्यानं नीट बघितलं. एकेक थर, एकेक वळण. मधल्या थंड जागेपाशी तो थांबला. शेवटी मोज्यातले हात मांडीवर ठेवून म्हणाला, "लागत हुता गं ब्रेक."

"शेवटपतूर लागत हुता."

पलंगावरून आवाज आला, "काय म्हनतंय ते मशीन?"

मी आत्तींकडं वळले. "दादाचं काम चांगलं होतं, आत्ती. ब्रेक चांगले होते."

आत्तींनी भिंतीवरून नजर काढून माझ्याकडं लावली. त्यांचे ओठ हलत होते. "मग माझा सर्जा कशानं गेला?"

दादानं चष्मा काढला नव्हता. तो गाडीत पुढं सरकला होता आणि त्याचा डावा हात, गिअरचा दांडा असतो तिथं, रिकामा चाचपडत होता.

"डोळा लागला, आत्ती," मी म्हणाले. "ब्रेकवर दिसतंय सगळं. वाटेत गाडी थांबवली होती, बराच वेळ. दमले होते. परत निघाले आणि डोळा लागला."

मग दादानं हळू विचारलं, "गिअरबॉक्स कुठाय?"

"घासून नवा केला. विकला."

त्याचा हात हवेतच राहिला. हाताचा गिअरबॉक्स घासून विकणारा मिस्त्री जगात नाही, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. त्यानं चष्मा काढला. डोळे ओले होते. माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली, जेमतेम.

"बरं केलंस," तो म्हणाला.

आत्ती स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "झोपायचाच न्हाई रातचा. कूस बदलत पडायचा. मला ऐकू यायचं." पदरानं डोळे पुसले आणि बराच वेळ तो पदर तसाच धरून ठेवला. त्या पैशांत त्यांचे गुडघे झाले असते. आता ते होणार नाहीत, आणि का होणार नाहीत हे त्यांना कधी कळणार नाही.

मी चहा केला. ह्या खेपेला साखर घातली. दादानं कप खाली ठेवला तेव्हा आत्तींनी चालायची चौकट त्याच्याकडं ढकलली. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"निवास," त्या म्हणाल्या. नऊ वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. "हिचं चाक आवाज करतंय. बघ जरा."

दादानं वाकून चाक फिरवून बघितलं. बोट लावून ऐकलं. मग सरळ उभा राहिला.

"आज न्हाई, आत्ती. आज हत्याराला हात लावायचा नसतो. उद्या येतो."

"उद्या दसरा," आत्ती म्हणाल्या.

"ठावं हाय. पोतं सोडाय लागंल, पाने पुसाय लागतील. सकाळीच येतो."

तो गेला. चष्म्यात बोल्ट तसाच होता आणि कोपऱ्यात सूचना होती : 'गंज. घासून काढा.' मी 'नको' दाबलं आणि यंत्र बंद केलं.

मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं ओवाळणीचं ताट काढलं. दिवाळीला अजून अवकाश होता, पण ताट पार काळं पडलं होतं. चिंच भिजवून घासायला बसले. सोलवटलेल्या बोटांना चिंच झोंबली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत झोंबली. मी हात मागं घेतला नाही, घासत राहिले.